बावीस नंबरचं डोकं

सुरीनं लाकूड फोडायचं नसतं, एवढी साधी गोष्ट साहाय्यक कोच अल्सीड गिडरी ऑगस्टपासून हेड कोचला सांगत होता, आणि हेड कोच बक हॅरल्सन ऑगस्टपासून ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत होता.

सुरी म्हणजे क्विंडेल नार्सिस. वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, पाठीवर बावीस नंबर, काम अमेरिकन फुटबॉलात बॉल हातात घेऊन पळायचं. उंची बेताची, वजन ऐंशी किलोच्या आत. पण पाडायला कुणी अंगावर आलं की पोरगा कमरेतून असा वळायचा की आलेला गडी हवेला मिठी मारून तोंडावर आपटायचा. असा पळणारा लहान कॉलेजाच्या नशिबी दहा वर्षांत एकदा येतो. आणि हॅरल्सन त्याला काय करायला लावायचा? मधल्या गर्दीत, दीडशे-दीडशे किलोंच्या धुडांमध्ये डोकं खाली घालून घुसायला. एकदा नाही, दोनदा नाही, एकेका सामन्यात अठ्ठावीस वेळा. हॅरल्सनच्या डोक्यात फुटबॉल म्हणजे दोन बैलांची टक्कर होती, आणि बैल हलका पडला तर त्याला ओरडून जड करता येतं असा त्याचा ठाम समज होता.

मंगळवारच्या सरावात 'खड्डा' असायचा. खड्डा म्हणजे खरा खड्डा नव्हे. दोन बाजूंना फोमच्या लांब गाद्या टाकायच्या, मध्ये दोन हातांची गल्ली सोडायची, दोन टोकांना दोन पोरं उभी करायची आणि शिटी मारायची. उरलेले ऐंशी जण भोवती कोंडाळं करून बोंबलणार. चुकवायला जागाच नाही, म्हणजे क्विंडेलच्या अंगात जे काही होतं ते तिथं शून्य. त्या मंगळवारी हॅरल्सननं त्याच्यासमोर एकशे दहा किलोंचा एक आडदांड गडी उभा केला. पहिल्या धडकेत क्विंडेल पाठीवर पडला. दुसऱ्या धडकेत गादीवरून पलीकडे गेला. तिसऱ्या धडकेत त्याचा ओठ दाताखाली फाटला, तो रक्त थुंकला आणि हसून म्हणाला, "अजून एकदा, कोच."

गिडरीच्या मस्तकात तिडीक गेली. तो गाद्या ओलांडून मध्ये जाऊन उभा राहिला.

"बास झालं, कोच. पोराला वाया घालवताय तुम्ही."

"वाया? अरे, घडवतोय मी त्याला."

"घडवत नाही, मोडताय. त्याला गर्दी नको, मोकळं रान हवं. बाजूला उभा करा, हातात बॉल टाका आणि बघा काय करतो ते."

हॅरल्सननं तोंडातली तंबाखू कागदी पेल्यात थुंकली. "गिडरी, तुला एवढी अक्कल आहे ना? मग शनिवार तुझा. हवं तिथं उभा कर, हवं तसं पळव. पण हरलो, तर रविवारी सकाळी तुझं टेबल मला रिकामं दिसलं पाहिजे."

"कबूल."

"आणि रडत यायचं नाही."

"कबूल म्हटलं ना, कोच."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. दर जुलैत, सराव सुरू व्हायच्या आधी, टीमची वैद्यकीय प्रमुख रोवेना ट्रहान एकेका पोराला खोलीत बोलावून डोक्याची परीक्षा घ्यायची. दहा शब्द वाचून दाखवायची आणि पाच मिनिटांनी विचारायची, किती आठवतात? महिने उलटे म्हणायला लावायची, एका पायावर उभं करायची. आकडे टॅबलेटवर टाकायची. पुढे सामन्यात कुणाचं डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा. आकडा जुलैपेक्षा घसरला की पोरगा घरी, आणि निदान दोन आठवडे मैदान बंद.

यावर पोरांनी काढलेला तोडगा असा, की जुलैतच नापास व्हायचं. दहा आठवले तरी चार सांगायचे. मग ऑक्टोबरात डोकं कितीही हललं तरी चार शब्द कुठूनही निघतात. जुने खेळाडू नव्यांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. पण क्विंडेलला कुणा जुन्या खेळाडूनं शिकवलं नव्हतं. खुद्द गिडरीनं शिकवलं होतं, पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर बूदँ, म्हणजे मांस-भात भरलेले सॉसेज, ठेवून खाता खाता.

"दहा आठवले तरी चारच सांग. आणि महिने म्हणताना ऑगस्ट विसर."

"ऑगस्ट का, कोच?"

"ऑगस्ट कुणीही विसरतं. हे बघ, तू दोन आठवडे बाहेर बसलास, तर तुला बघायला येणारी व्यावसायिक टीमची मोठी माणसं आल्या पावली परत जातील. त्यांना दुसरा कुणीतरी मिळेल. तुला दुसरं कुणी मिळणार नाही."

गिडरीनं यात पाप बघितलं नव्हतं, माया बघितली होती. त्याच्या स्वतःच्या काळी डोकं आपटलं की कुणीतरी तोंडासमोर बोटं धरायचं, आणि ती नेहमी दोनच असायची. त्यानं चार वर्षं दोन म्हटलं आणि खेळत राहिला. आता उजेड झाला की त्याच्या कपाळात घण पडायचे, आणि बायकोशी बोलता बोलता मधलाच शब्द गायब व्हायचा. एवढं भोगूनही माणूस दुसऱ्याच्या लेकराला तेच शिकवतो. त्याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

क्विंडेल तर असा, की साठ डाव एकदा ऐकले की उलटे-सुलटे म्हणून दाखवायचा. त्यानं जुलैत बिचारा चेहरा करून चार शब्द सांगितले, ऑगस्ट विसरला, आणि रोवेनानं टॅबलेटवर चार लिहिलं.

शनिवारी दुपारी दोन वाजता सामना सुरू झाला. आमच्या ऊसपट्ट्यात शनिवारी फुटबॉल आणि रविवारी चर्च. देव कुठल्या दिवशी जास्त लक्ष देतो यावर गावात दुमत आहे. सकाळपासून पार्किंगमध्ये मोठाल्या पातेल्यांतून गंबोचा घट्ट रस्सा रटरटत होता. क्विंडेलची आई, मिस डेलफीन, साखर कारखान्यातली पाळी संपवून थेट आली होती आणि तिसऱ्या रांगेत बसून पत्र्याचा डबा बडवत होती.

अर्कान्सासहून आलेली समोरची टीम अंगानं दांडगी होती आणि तोंडानं त्याहून. "ए बावीस, आज आईजवळ बस!" असं त्यांचा एकजण पहिल्याच डावाआधी ओरडला. तिसऱ्या डावाला गिडरीनं क्विंडेलला गर्दीपासून लांब, डावीकडच्या कडेला नेलं आणि बॉल सरळ त्याच्या हातात टाकायला लावला. पहिला गडी आला आणि हवेला मिठी मारून पडला. दुसऱ्याच्या बोटांत शर्टाची बाही आली, ती फाटली, आणि त्याच झटक्यात त्याचं एक बोट उलटं वळलं. तिसरा समोरून आला तेव्हा क्विंडेलनं तळहात त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर असा मारला की गड्याची मान मागे गेली आणि तो बसल्या जागी बसला. एक्केचाळीस यार्ड पळून थेट शेवटच्या रेषेपार. टचडाऊन. मिस डेलफीनच्या डब्याला पोचा पडला.

पुढचा तास गिडरीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा तास होता, हे खोटं कशाला बोला. जे तो दोन महिने कागदावर काढत होता ते डोळ्यांसमोर चालत होतं. क्विंडेल कधी कडेनं, कधी मागून, कधी खोटाच पळून दुसऱ्याला वाट करून देत होता. समोरची पोरं पिसाळली. ती पडलेल्यावर उड्या टाकू लागली, ढिगाखाली बोटं पिरगाळू लागली, पोटऱ्यांवर बुटाचे खिळे घासू लागली. आमचीही काही संत नव्हती. एकानं त्यांच्या गड्याचा गळा कोपरानं दाबून धरला, आणि पंचाचं लक्ष जाईपर्यंत तो जांभळा पडला होता. मैदानाच्या कडेला एकजण वाकून ओकत होता, दुसरा तोंडातून तुटलेला दात काढून मोज्यात ठेवत होता. रोवेना एकाकडून दुसऱ्याकडे धावत होती. आम्ही पुढे, एकवीस-सात. हॅरल्सन काहीच बोलत नव्हता, म्हणजे खूश होता.

हाफटाइमला दोन मिनिटं असताना बॉल जरा उंच आला.

क्विंडेलनं उडी मारली. दोन्ही हात वर, छाती उघडी, नजर बॉलवर. आणि वीस यार्डांवरून त्यांचा सगळ्यात मागचा राखणदार, जो मघापासून आपल्या मित्रांना एकामागून एक तोंडावर पडताना बघत होता, तो सुटला. मधल्या गर्दीत धडक बसते ती दोन पावलांवरून. मोकळ्या रानात ती वीस यार्डांचा वेग घेऊन येते. गिडरीनं काढलेल्या एकाही कागदावर हे नव्हतं. त्याला ते आत्ता, ती धडक वाटेत असताना कळलं, आणि तेव्हा ओरडून उपयोग नव्हता.

हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. जाड फळी मोडावी तसा आवाज आला आणि अख्ख्या मैदानाचा श्वास अडकला. क्विंडेल पाठीवर पडला. त्याचा उजवा हात मात्र पडला नाही. तो कोपरात ताठ, बोटं वाकडी, तसाच हवेत उभा राहिला. एक, दोन, तीन, चार. मग खाली आला.

तसा हात गिडरीनं यापूर्वी दोनदा बघितला होता. त्यातला एकजण आता स्वतःच्या मुलींना ओळखत नाही.

रोवेना त्या वेळी पलीकडच्या टोकाला होती, घोटा मोडलेल्या एका पोराचा बूट कापत होती. ती धावत आली तोवर क्विंडेल एका गुडघ्यावर बसला होता आणि प्रेक्षकांना अंगठा दाखवत होता. तिनं त्याला कडेच्या निळ्या तंबूत नेलं. गिडरी पाठोपाठ आत गेला.

महिने उलटे म्हणताना पोरगा ऑगस्ट विसरला. एका पायावर जेमतेम उभा राहिला. मग दहा शब्द. पाच मिनिटांनी रोवेनानं विचारलं, "सांग बाळा, किती आठवतात?"

"बोट," क्विंडेल म्हणाला. "लिंबू." मग बराच वेळ कापडाच्या भिंतीकडे बघत राहिला. "शिडी." त्याच्या ओठांवरून जीभ फिरली. "घोडा."

"अजून?"

"एवढेच."

रोवेनानं टॅबलेट बघितला. "जुलैतही चारच होते. आकडा तोच आहे. ठीक आहे, पण माझं लक्ष राहील हं तुझ्यावर."

गिडरीनं मनात हिशोब केला. जुलैतले चार खोटे होते. आजचे चार खरे होते. साठ डाव उलटे-सुलटे म्हणणाऱ्या पोराच्या डोक्यातून सहा शब्द गळून पडले होते, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकाला ते आता आठवत होतं की नाही, कोण जाणे.

त्यानं तंबूचं कापड बाजूला सारलं आणि बाहेर पडला.

हाफटाइमला हॅरल्सननं त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. तंबाखूचा आणि घामाचा भपकारा आला. "शनिवार तुझा रे, गिडरी! मानलं तुला. दुसऱ्या हाफात बॉल फक्त बावीसच्या हातात. वीस वेळा, पंचवीस वेळा. त्यांची हाडं मोजायची आज!" पोरांनी लोखंडी कपाटांवर बुक्क्या मारल्या. क्विंडेल कोपऱ्यात बसून बुटाच्या नाडीकडे बघत होता.

गिडरी त्याच्यासमोर उकिडवा बसला. "बरं वाटतंय ना रे?"

"एकदम, कोच."

"पहिला डाव कुठला?"

"तुम्ही सांगाल तो."

गिडरीनं ते उत्तर घेतलं आणि उठला. बोलला तर रविवारी नोकरी जाईल, नऊ वर्षांत कमावलेलं नाव जाईल, पोराला बघायला वरच्या काचेच्या खोलीत बसलेली दोन माणसं जातील. हे सगळं त्यानं मनात मांडलं आणि वर स्वतःला समजावलं, की कदाचित पोरगा जुलैसारखाच मुद्दाम चार म्हणाला असेल. हाफटाइम वीस मिनिटांचा असतो. ती वीस मिनिटं त्याला कुणी माफ करू नयेत.

दुसऱ्या हाफातला पहिलाच डाव. क्विंडेलच्या हातात बॉल आला, समोर मोकळं रान, आणि पुढे एकच गडी, तोही तोल सुटलेला. क्विंडेल वळला नाही. नाकासमोर धावत गेला आणि डोकं त्या गड्याच्या हनुवटीखाली घातलं. गडी उलटा पडला, त्याच्या तोंडातलं दातांचं रबर रक्तासकट उडालं. क्विंडेल त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे गेला. दुसरा गडी बाजूनं आला, अगदी दिसेल असा, सावकाश. क्विंडेलला तो दिसलाच नाही. धडक कानावर बसली.

सगळं स्टेडियम उभं राहून किंचाळत होतं. "बघ!" हॅरल्सन गिडरीच्या पाठीवर थापा मारत ओरडला. "शिकला! शेवटी मर्दासारखं पळायला शिकला!"

गिडरीला रडू फुटायचं बाकी होतं. वळणं हीच या पोराची सगळी विद्या. तो वळला नाही, कारण वळायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं.

तो धावत रोवेनाकडे गेला. "त्याचं हेल्मेट काढून घे."

"का? पास झालाय तो."

"जुलैतला आकडा खोटा आहे. दहा आठवत होते त्याला. चार सांग म्हणून मीच सांगितलं होतं. आणि धडकेनंतर त्याचा हात हवेत ताठ झाला होता. मी बघितला, तू लांब होतीस."

रोवेना त्याच्याकडे वळली. तिच्या हातमोज्यांवर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. "किती पोरांना सांगितलंस असं, अल्सीड?"

उत्तराला ती थांबली नाही.

ती मैदानात घुसली. पंच शिट्या मारत राहिला, तिनं ऐकलं नाही. क्विंडेलच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला, हेल्मेट काढून काखेत घातलं आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. हेल्मेट पेटीत टाकून कुलूप लावलं, किल्ली खिशात. आमच्याकडे हेल्मेट गेलं की खेळाडू संपला. त्यावर अपील नाही. "ॲम्ब्युलन्सचे लोक येतायत, तोवर इथंच बस," असं तिनं त्याला बजावलं.

"कोणी? कोणी सांगितलं?" क्विंडेल ओरडत होता. "पास झालो ना मी!"

"तुझ्या कोचनंच सांगितलं. आणि बरं केलं, उशिरा का होईना."

हॅरल्सननं गिडरीची कॉलर धरून त्याला खांबावर दाबलं. "अर्धा तास थांबता आलं नाही तुला? अर्धा तास? चालता हो. या मैदानावर तुझी सावली दिसली ना, तंगडी तोडीन."

गिडरी प्रेक्षकांच्या खालच्या बोगद्यातून निघाला. वर हजारो पाय सिमेंट बडवत होते. मागून खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला, जोरात, आणि तो वळायच्या आत क्विंडेलनं त्याला मागून धरून भिंतीवर आपटलं.

"तू शिकवलंस! तूच शिकवलंस मला, आणि तूच चुगली केलीस!"

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड सरकलेलं गिडरीला आतून ऐकू आलं. दुसरा बरगड्यांत, तिसरा पुन्हा तोंडावर. तो गुडघ्यांवर आला. क्विंडेलनं त्याला शर्टाला धरून उचललं आणि पुन्हा मारलं.

"वर बसलेत ते! मला बघायला आलेत! माझी आई बसलीय तिथं! काय सांगू तिला? सांग! काय सांगू?"

गिडरीनं हात वर केले नाहीत. मार खायचीच त्याची लायकी होती आणि ते त्याला मान्य होतं. एक ठोसा भुवईवर बसला, डोळ्यात रक्त आलं. तो पाठीवर पडला. क्विंडेल त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला, डाव्या हातानं गळा धरला, उजवी मूठ मागे नेली.

मूठ तिथंच राहिली.

गिडरीनं एक डोळा कसाबसा उघडला. पोराच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत होता, आणि त्याच्या जागी दुसरं काहीच येत नव्हतं. त्यानं स्वतःच्या मुठीकडे बघितलं. मग गळ्यावरचा हात काढला, घाईघाईनं गुडघा उचलला आणि शेजारी सिमेंटवर बसला.

"कोच?" तो म्हणाला. "कोच, काय झालं तुम्हाला? कोणी मारलं?"

गिडरी कोपरावर रेलून उठू लागला.

"थांबा, उठू नका." क्विंडेलनं कमरेचा पांढरा टॉवेल काढला आणि कोचच्या नाकाला हळूच लावला, दुखणार नाही अशा बेतानं. वर लोकांचा गलका झाला तशी त्यानं मान वर केली. "सुरू झाला का सामना? मला आत कधी पाठवताय?"

गिडरीनं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं आणि रोवेनाला हाक मारली. वरच्या गलक्यात ती बुडाली, म्हणून पुन्हा मारली.